दाराच्या जागी टाकी

१

माशांची टाकी कुठं ठेवायची ते मी आधी ठरवलं आणि मग टाकी आणली. लोक उलटं करतात.

लोहाऱ्यात एसटी स्टँडच्या मागं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी भरायची. बावीस वर्षं हेच केलं. त्यामुळं विजेच्या वस्तूचं मला कुणी काही शिकवायला येऊ नये. वस्तू बिघडते तेव्हा कुठंतरी तार तुटलेली असते, नाहीतर जळलेली असते. तिसरं काही नसतं, असं मी गेल्या गुरुवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

टाकी सोलापूरहून आणली. चार फूट लांब, खाली लोखंडी स्टँड, वर दिवे. पाच ऑस्कर मासे, प्रत्येक वीतभर, रागीट तोंडाचे. सोबत एक कंट्रोलर, म्हणजे पंजाएवढा पांढरा डबा. दिवे कधी लावायचे, पंप कधी चालवायचा, पाणी किती गरम ठेवायचं, हे सगळं तो बघतो. त्यातून एक काळी तार निघते. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा स्टीलचा सेन्सर असतो. तो पाण्यात सोडायचा आणि डबा घरच्या वायफायला जोडायचा, की पाण्याचं तापमान मोबाईलवर दिसतं.

माझी आई, अव्वा, पलंगावर बसून सगळं बघत होती.

"तिथंच का लावतोस रं?"

"मागं प्लग हाय."

"प्लग चारी भिंतीत हाईत की."

टाकी मी मधल्या भिंतीला, बरोबर मध्यावर लावली होती. त्या जागी दार व्हायचं होतं, आणि तेही सोमवारच्या आत. आता तिथं दोनशे लिटर पाणी उभं होतं.

डब्याचं बटण पाच सेकंद दाबून धरलं. निळा दिवा लुकलुकायला लागला. मोबाईलनं विचारलं, कोणत्या वायफायला जोडू? यादीत एकच नाव होतं, 'रेवणबंडू'. रेवणप्पा, म्हणजे अण्णा, माझे थोरले भाऊ. मी बंडप्पा. घर एकत्र असताना ठेवलेलं हे नाव. वाटणीनंतर जुना राउटर अण्णांनी नेला. मी नवा आणला आणि त्यालाही तेच नाव, तोच पासवर्ड दिला. सगळे फोन पुन्हा कोण जोडत बसणार? पासवर्ड म्हणजे आमच्या वडलांचं, अप्पांचं नाव, सिद्रामप्पा, आणि पुढं घर बांधलं ते साल. खरं सांगायचं तर त्रासाचा प्रश्नच नव्हता. मी बदललं असतं तर अप्पांचं नाव एकट्या अण्णांकडं राहिलं असतं. त्यांनीही बदललं नाही. दोघं सारखेच हट्टी.

पासवर्ड टाकला. निळा दिवा स्थिर झाला.

माझा राउटर पुढच्या खोलीत आहे. मध्ये दोन भिंती. टाकीजवळ मोबाईलला कशाबशा दोन रेघा येतात. डब्याला पाचपैकी पाच आल्या. चांगला माल मिळाला, म्हटलं, आणि जेवायला बसलो.

२

भिंतीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं वाटणीत थोरल्यानं दोन वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्याच्या मनात पाप येऊ नये म्हणून ही रीत. अण्णांनी घराच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. मी देवघराची बाजू उचलली. अव्वाही माझ्याकडंच राहिली. अण्णा एवढंच म्हणाले, की मधल्या भिंतीत एक दार ठेव, पूजेला आणि अव्वाला भेटायला गल्लीतून वळसा घालून पाहुण्यासारखं यायला नको. पंचांपुढं मी हो म्हणालो.

भिंत निम्मी झाली आणि मी फिरलो. वहिनी कुणाला तरी माझ्याबद्दल काहीतरी बोलल्याचं कानावर आलं होतं. काय बोलली, ते आता आठवतसुद्धा नाही.

दुपारची वेळ, बारा वाजून गेलेले. गवंडी जेवायला गेला होता. दाराची जागा बुजवायला सांगितलीय हे अण्णांना कळलं आणि ते येऊन त्या मोकळ्या जागेतच मांडी घालून बसले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. अव्वानं त्यांना ताट तिथंच आणून दिलं. माझ्याकडं पाठ करून ते जेवायला लागले.

"लाव विटा माझ्यावर," म्हणाले. आवाज न चढवता, भाकरीचा घास चावता चावता.

पहार माझ्या हातात होती. मी मारली. बोथट बाजूनं मारली, पण मारली. उजव्या कानाच्या वर. आणि तीनदा मारली. एकदा मारली असती तर हात सुटला म्हणता आलं असतं. तीनदा कुणाचा हात सुटत नाही.

पोलिसात कुणी गेलं नाही, कारण अव्वानं सगळ्यांचे पाय धरले. अण्णा अठरा दिवस सोलापूरला दवाखान्यात होते. उजव्या कानानं त्यांना आता ऐकू येत नाही. तिथूनच त्यांनी बिऱ्हाड उमरग्याला नेलं, खताचं दुकान टाकलं. इकडच्या अर्ध्या घराला कुलूप. विजेचा मीटरसुद्धा त्यांनी अर्ज देऊन काढायला लावला. त्याला दोन वर्षं झाली.

गवंडी जेवून आला तेव्हा मी त्याच दिवशी ती जागा बुजवून घेतली. काही विटांवर रक्त होतं. त्यानं त्या उलट्या करून लावल्या. माझ्या बाजूनं गिलावा झाला. तिकडून ते रक्त अजून तसंच असेल.

आता अव्वाला धाप लागते. डॉक्टर तिच्यादेखत बोलत नाहीत, बाहेर नेऊन बोलतात. तिनं एकच गोष्ट धरली होती, दोन्ही पोरं एका पंगतीला जेवताना बघायची. अण्णा तयार झाले. "सोमवारी येतो," म्हणाले. "पण गल्लीतनं न्हाय. मधल्या दारानं."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "व्हय, करतो दार." आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन माशांची टाकी घेऊन आलो.

३

गुरुवारी बारा वाजता मी नेहमीसारखा जेवायला घरी आलो. मोबाईल उघडून बघितलं. तापमान सदतीस.

पाणी सदतीस अंशावर असेल तर मासे उकडून मरतात. मासे तर मजेत फिरत होते. टाकीच्या काचेला आतून साधा थर्मामीटर चिकटवलेला होता. त्यात सव्वीस.

सेन्सर खराब, म्हटलं. तार बाहेर काढली आणि पेल्यातल्या थंड पाण्यात बुडवली. सदतीस. शिवप्रियाला, माझ्या बायकोला, फ्रीजमधला बर्फ आणायला सांगितलं. बर्फात खुपसली. सदतीस. तिच्या चहात बुडवली, तशी ती वैतागली.

"अहो, मी पिते त्यात!"

चहातही सदतीस. मधेच छत्तीस पॉइंट नऊ व्हायचं, परत सदतीस.

"माणसाच्या अंगात एवढं असतंय," शिवप्रिया म्हणाली. "डॉक्टर काखेत लावतात ना, तेवढं."

"सेन्सर अडकलाय. बदलून घेतो."

त्या चहाला तिनं परत तोंड लावलं नाही. मोरीत ओतून आली.

बारा वाजून दहा मिनिटांनी डब्यात खट् झालं. आतला खटका पडण्याचा तो आवाज मी ओळखतो, दिवसभर तोच ऐकतो. टाकीतला दिवा गेला. खट्. आला. असं तीनदा. आणि पाचही मासे एकदम वळले. मागच्या काचेकडं, भिंतीकडं तोंड करून थांबले आणि मग तिच्यावर डोकी आपटायला लागले. भिऊन मासा आपटतो, ते मी बघितलंय. तो इकडून तिकडं सैरावैरा पळतो. हे मागं सरत होते, नेम धरत होते आणि पुन्हा जाऊन धडकत होते. काच धाडधाड वाजत होती. पाण्यात खवले उडाले, मग लालसर धूर पसरावा तसं रक्त पसरलं.

अव्वा पलंगावरून ओरडली, "काय फोडाया लागलास रं?"

मिनिटभरात सगळं शांत झालं. चार मासे कोपऱ्यात जाऊन थांबले. पाचवा उलटा होऊन वर आला. मी त्याला जाळीनं काढून हातावर घेतलं. डाव्या बाजूला ओरखडासुद्धा नव्हता. उजव्या कल्ल्याच्या वर मात्र हाड आत गेलं होतं, बोट बसेल एवढं.

४

शुक्रवारी मी दुकानात गेलोच नाही. डबा उघडला, आतली सर्किटची पाटी बघितली. एकही तार तुटलेली नाही, कुठं जळाल्याची खूण नाही. मोबाईलमध्ये वेळापत्रक बघितलं. सकाळी आठला दिवा लागायचा, रात्री नऊला विझायचा. बारा दहाची नोंद कुणीही केलेली नव्हती. सगळं पुसलं, डबा मुळापासून नव्यानं जोडला. बटण पाच सेकंद, लुकलुक, 'रेवणबंडू', अप्पांचं नाव, साल. दिवा स्थिर. पाच रेघा. सदतीस.

मग माझ्या डोक्यात आलं ते मी करून बघितलं. पुढच्या खोलीत जाऊन माझा राउटर बंद केला. नुसता बटणानं नाही, प्लगच उपसला आणि राउटर काखेत, वायर हातात घेऊन मधल्या खोलीत आलो.

डब्याचा निळा दिवा स्थिर होता. पाच रेघा.

मोबाईलवर वायफायची यादी उघडली. माझा राउटर माझ्या काखेत होता. यादीत 'रेवणबंडू' होतं. मी मोबाईल घेऊन खोलीत फिरलो. दारापाशी दोन रेघा. पलंगापाशी तीन. टाकीच्या मागं हात घालून मोबाईल भिंतीला टेकवला तेव्हा पाच.

भिंतीपलीकडं दोन वर्षं वीज नाही.

खरं म्हणजे मी त्याच क्षणी भ्यायला हवं होतं. मला राग आला. नेटवर्कचं कुलूप एक आणि चाव्या दोन, एक माझ्याकडं, एक अण्णांकडं. इन्व्हर्टरवर राउटर चालतो, बॅटरीवर चालतो. हे माणूस कुणालातरी पाठवून किंवा स्वतः मागल्या बाजूनं येऊन जुना राउटर पलीकडं चालू करून गेलंय. आता उमरग्यात बसून माझ्या टाकीचे दिवे उघडझाप करतंय. दार केलं नाही म्हणून मला छळतंय. मोटारवाल्याला पटेल असा हा एवढाच अर्थ होता आणि तो मला फार आवडला.

त्या दुपारी बारा दहाला आणखी दोन मासे गेले. दोघांचीही उजवी बाजू फुटलेली. एकाचा डोळा काचेला चिकटून राहिला होता.

५

शनिवारी सकाळी मी गल्लीतून वळसा घालून अण्णांच्या दाराशी गेलो. कुलपावर गंज चढला होता. कडी आणि चौकट यांच्यात कोळ्यानं जाळं केलेलं, त्याच्यावर धूळ. मागल्या बाजूची खिडकी बघितली. गज जागच्या जागी. आत कुणी गेलं असतं तर दिसलंच असतं. मी दारावर लाथ घातली. आत कुठंतरी पत्रा वाजला, बाकी काही नाही.

घरी येऊन शिवप्रियाला म्हणालो, "लाव फोन उमरग्याला."

दोघी जावा चोरून बोलतात, ते मला माहीत होतं. तिनं निमूट लावला. मी स्पीकर चालू केला.

"वैनी, तुमचा तो जुना राउटर कुठं हाय?"

वहिनी दोन वर्षांत माझ्याशी बोलली नव्हती. तरी म्हणाली, "हितंच हाय की, फ्रीजवर. चालू हाय. त्याच्यावरच तर हा फोन चाललाय. का ओ?"

मागून अण्णांचा आवाज आला. बंडूचा का, दे इकडं, असं काहीतरी. फोन त्यांनी घेतला.

"बंडू. दार केलंस का?"

दोन वर्षांनी ऐकलेला आवाज. 'करतो' म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अण्णा, माझ्या टाकीशी खेळ बंद करा. मी सांगून ठेवतो."

"कसली टाकी?"

"मला शिकवू नका!"

ते हळू म्हणाले, "म्या काय खेळ करणार रं? म्या दोन दिसापास्नं बेजार हाय. दुपारचं जेवाय बसलं की ह्या मेलेल्या कानात टकटक टकटक करतंय. तीनदा होतंय आन् ऱ्हातंय. लई कळ निघते. सोमवारी आलो की लोहाऱ्यातच दाखवतो डॉक्टरला. तू दार तेवढं करून ठेव."

मी फोन कापला.

"ऐकलात न्हवं?" शिवप्रिया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "काढा ती टाकी. आत्ता काढा."

"नाटकं हाईत सगळी," मी म्हणालो आणि भिंतीवर मूठ मारली. जोरात मारली, बोटांची सालं निघाली. हातातल्या मोबाईलवर सदतीसचं सदतीस पॉइंट सहा झालं. पुन्हा मारली. अडतीस. भिंत हलली की तार हलत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. आणखी मारली. का मारत राहिलो, ते मला माहीत आहे. आकडा वाढला की बरं वाटत होतं.

बारा दहाला चौथा मासा गेला. या खेपेला मी हात काचेवर दाबून धरला होता. धडक माझ्या तळव्याला बसत होती.

संध्याकाळी शिवप्रिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊजींस्नी ताप चढलाय म्हणं. दुपारपास्नं."

मी जेवत होतो. जेवत राहिलो. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

६

रविवारी सकाळी शिवप्रियानं बॅग भरून पलंगाच्या पायाशी ठेवली. "दार झालं न्हाय तर म्या अव्वांना घेऊन उमरग्याला चालले. मग बसा तुमी माशांसंगं."

"आज करतो."

"गवंड्याला बोलवा. छिन्नीनं हळूहळू एकेक वीट काढंल."

"रविवारचा कुठला गवंडी? म्या करतो."

"हळू करा म्हणालेय."

मी बादलीनं टाकी रिकामी करायला लागलो. उरलेला एक मासा घमेल्यात काढून ठेवला. टाकी ओढून बाजूला केली. कंट्रोलरचा डबा खिळ्याला लटकवला. सेन्सरची तार खाली लोंबत होती, कोरडी, कशालाच न टेकलेली. मोबाईल मी पलंगावर ठेवला. शनिवारी चढलेला आकडा उतरला होता. सदतीस. खरंच सांगतो, तेव्हा माझ्या मनात राग नव्हता. दार झालं की अण्णा त्यातून वाकून आत येतील, अव्वाच्या पाया पडतील आणि मी काय म्हणायचं, ते मी मनात जुळवत होतो. 'या' म्हणायचं की नुसतं पाणी द्यायचं, इथपर्यंत माझा विचार चालला होता.

छिन्नी-हातोडा दुकानात होता. घरात पहार होती. तीच.

गिलावा टोचे मारून पाडला. विटा दिसल्या. सांध्यात टोक घालून एक वीट हलवली. ती सैल व्हायला लागली होती, हळूहळू निघाली असती. अव्वा पलंगावर पाय सोडून बसली होती, तोंडावर हसू. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी भिंतीकडंच बघत होती.

तेवढ्यात डब्यात खट् झालं.

पाण्याबाहेरच्या तारेला कसला खटका? मी घड्याळ बघितलं नाही, गरज नव्हती. खट्. घमेल्यातला मासा पत्र्यावर आदळला. खट्. आणि या खेपेला भिंतीच्या पलीकडूनही वाजलं. माझ्या छातीच्या उंचीवर नाही, खाली. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. कुणीतरी डोकं विटेला टेकवून हळू हळू आपटावं, तसं.

"अण्णा," मी म्हणालो. "पुरं करा."

पुन्हा वाजलं. अगदी हळू. माझ्याशी भांडणारा माणूस आवाज न चढवता बोलतो, तसं.

चार दिवसांचा, दोन वर्षांचा, आणि त्याआधीचाही सगळा राग माझ्या खांद्यात येऊन बसला. शिवप्रिया किंचाळली, "अहो नको!" मी पहार उचलली आणि आवाज येत होता तिथंच हाणली. विटेचा भुगा उडाला. दुसऱ्यांदा हाणली, वीट दुभंगली. तिसऱ्यांदा पूर्ण ताकदीनं. पहार आरपार गेली.

विटेतून पहार जाते तेव्हा हाताला झिणझिण्या येतात. पलीकडं मोकळी हवा असेल तर झोक जातो, माणूस पुढं पडतो. मी पुढं पडलो नाही. विटेच्या पलीकडं आणखी काहीतरी होतं. आधी टणक, मग टणक नाही. हातांना ते ओळखीचं होतं.

मी पहार ओढून काढली आणि वाकून भोकातून बघितलं.

पलीकडं अंधार असायला हवा होता. दोन वर्षांची बंद खोली. पलीकडं दुपार होती, न झालेल्या भिंतीवरून येणारं ऊन होतं. भोकाला अगदी लागून पांढऱ्या बनियनची पाठ होती. त्या पाठीवरून, खांद्यावरच्या टॉवेलवरून काहीतरी काळं वाहत होतं. एक हात वर आलेला. त्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तोंडाकडं जात होता आणि पोचत नव्हता. पुन्हा जात होता.

मग मान माझ्याकडं वळायला लागली. मी भोकावर हात दाबून धरला. तळव्याला ऊब लागली. मी हात काढला नाही.

"साकु, बंडू," अव्वा कानडीत म्हणाली, म्हणजे पुरे. "तेवढं भोक बास झालं. हवा आली बघ."

७

हात काढला तेव्हा भोकात अंधार होता. कोंदट वास. पलंगावरचा मोबाईल उचलून मी उजेड टाकला. धूळ, विटांचे तुकडे, रिकामी खोली, कोपऱ्यात गंजलेला पत्र्याचा डबा. पहारीचं टोक मी बघितलं नाही.

मोबाईल हातात होताच. त्यावर सदतीस होतं. माझ्या देखत छत्तीस पॉइंट नऊ झालं.

असं आधीही व्हायचं. परत सदतीस व्हायचं. मी वाट बघितली.

छत्तीस पॉइंट आठ.

त्याच वेळी शिवप्रियाचा फोन वाजला. अव्वाचा चेहरा उजळला. "उचल की गं. रेवणच असंल. पहाटंची गाडी धरू का सकाळची, इचारत असंल."

शिवप्रियानं फोन कानाला लावला. बराच वेळ ती फक्त ऐकत होती. तिकडून मोठमोठ्यानं रडणं येत होतं, ते मला चार हातांवरून ऐकू येत होतं. अव्वाच्या म्हाताऱ्या कानांना ऐकू येत नव्हतं. शिवप्रिया भिंतीला टेकली आणि तशीच घसरत खाली बसली.

"जेवाय बसले होते म्हणं," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "घास हातातच..."

"काय म्हणतोय रेवण?" अव्वानं विचारलं.

छत्तीस पॉइंट सात.

मी लोंबणारी तार धरली. तिचं स्टीलचं टोक दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरलं. काखेत धरलं. तोंडाजवळ नेऊन त्याच्यावर फुंकर घातली, लहान लेकराच्या हातावर घालतात तशी. छत्तीस पॉइंट सहा. मग धावत स्वयंपाकघरात गेलो, दुपारच्या चहाला ठेवलेलं पाणी भांड्यासकट आणलं आणि त्यात ते टोक धरलं. वाफ येत होती. माझी बोटं भाजत होती. मी बाहेर काढली नाहीत.

छत्तीस पॉइंट पाच.

"बंडू, काय म्हणतोय रेवण? सांग की रं."

"येतो म्हणालेत, अव्वा," मी म्हणालो. मग शिवप्रियाला म्हणालो, "ऊठ. आणखी पाणी ठेव गॅसवर. मोठ्या पातेल्यात ठेव. लवकर."